आधी आग, मग माप: एका जुन्या हॅक्सॉ मशीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातलं. गृहस्थांचं नाव बाजूला ठेवू, घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तात्याच म्हणू. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. निवृत्तीनंतर घरामागच्या दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ, एक बेंच ड्रिल आणि वाइस मांडून बसले. ओळखीपाळखीतली कामं येतात: ट्रॅक्टरच्या पिना, गेटचे बिजागर, उसाच्या रसाच्या चरकाचे बुश, कधी कुणा जुन्या सहकाऱ्याचं एखादं जिग. हाताखाली पुतण्या, डिप्लोमा झालेला, नोकरीच्या शोधात असलेला.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. या कामात माझं काम वही धरायचं होतं. मापं, तारखा, खर्च आणि कोण काय म्हणालं ते लिहून ठेवत गेलो. त्या वहीवरून हे लिहितोय. वहीचा एक तोटा असा की चुकाही तारखेसकट सापडतात.

खटकत होतं ते कापणं. पन्नास मिलिमीटरचा ईएन-८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) गज हाताच्या हॅक्सॉने कापायला तात्यांना पाऊण तास लागायचा आणि उजवा खांदा दोन दिवस बोलायचा. उद्यमनगरात, म्हणजे शहरातल्या वर्कशॉपांच्या वस्तीत, नेऊन कापून आणावा, तर एका तुकड्यासाठी अर्धी सकाळ जायची. चौदा इंची चॉप सॉ घ्यायचा विचार झाला होता, पण शेडची भिंत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराला लागून. चाकाचा किंचाळणारा आवाज आणि ठिणग्या तिथे चालणाऱ्या नव्हत्या. आडवा बँडसॉ बजेटबाहेर.

दसऱ्याच्या आधी भंगारवाल्याकडे एक पॉवर हॅक्सॉ, म्हणजे मोटरवर चालणारं करवतीचं मशीन, पडलेलं दिसलं. सहा इंच गजापर्यंतचं, चौदा इंची ब्लेडचं. नावाची पाटी गेलेली, तिच्या जागी रिव्हेटची दोन भोकं. बोल्ट सगळे सुतातले (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ आट्यांचे. बांधणी जुन्या इंग्रजी वळणाची: मागे क्रँक, वर बिडाचा लांब हात, त्या हातावर पुढे-मागे सरकणारी ब्लेडची चौकट आणि हाताखाली तेलाचा उभा सिलिंडर. (या वळणाची मशीनं करणाऱ्यांत केटरिंगचे चार्ल्स विकस्टीड हे एक. गंमत म्हणजे तिकडे लोक त्यांना ओळखतात ते बागेतल्या झोपाळे-घसरगुंड्यांमुळे. त्यांची बाग १९२१ साली उघडली.) वजन भरलं २१० किलो. भाव झाला किलोला ४२ रुपये, एकूण ८,८२० रुपये. खंडेनवमीला मशीन टेम्पोतून उतरलं. गंजलेल्या त्या धुडाला तात्यांनी लेथच्या बरोबरीने हळद-कुंकू वाहिलं. पुतण्या हसला. तात्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मशीनची अवस्था

पहिल्या रविवारी एकही नट सैल न करता फक्त पाहणी केली. हे मी आग्रहाने करवून घेतलं, आणि या प्रकरणात माझ्याकडून झालेली ही एक तरी गोष्ट बरी. जे दिसलं ते असं.

बिडाच्या हाताला मागच्या बाजूला बिजागरीचे दोन कान असतात, त्यांवर हात वर-खाली होतो. त्यातला एक कान मुळाशी तडकला होता आणि कुणीतरी तो साध्या एमएस (माइल्ड स्टीलच्या) रॉडने वेल्डिंग करून ठेवला होता. त्या टाक्याच्या कडेने नवी तडा गेलेली. क्रँक पिनीचा गनमेटल बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी) अंडाकृती झालेला, हाताने हलवला तर ‘खट्’ वाजायचा. चौकट ज्या खाचेत सरकते तिचा मधला भाग झिजलेला, टोकं घट्ट. तेलाचा सिलिंडर कोरडा. कट संपल्यावर मशीन आपोआप बंद करणारा स्विच तारेने बांधून कायमचा ‘चालू’ करून ठेवलेला. गिअरवरचं झाकण गायब. मोटर एक एचपीची, थ्री फेज. घरात सिंगल फेज.

मशीन कापतं कसं

पुढचं समजायला हे थोडं लागेल. मोटर १४४० फेऱ्यांची. तिच्यावर तीन इंची पुली, समोर बारा इंची, म्हणजे शाफ्ट ३६० वर येतो. पुढे १६ दातांचं पिनिअन ६४ दातांच्या गिअरला फिरवतं, म्हणजे क्रँक मिनिटाला ९० फेऱ्या, ९० स्ट्रोक. माइल्ड स्टीलला हा वेग चांगला. पोलाद कठीण असेल तर साठ-सत्तर हवेत.

हे मशीन ओढताना कापतं, म्हणजे चौकट क्रँककडे येताना. परतताना ब्लेड केसभर उचललं गेलं पाहिजे, नाहीतर दात उलटे घासून मरतात. ते उचलण्याचं काम तेलाचं. क्रँक शाफ्टवरच्या एक्सेंट्रिकने (मध्य सोडून बसवलेल्या चकतीने) एक छोटा पंप चालतो. परतीच्या स्ट्रोकला तो दट्ट्याखाली तेल ढकलतो, हात किंचित वर येतो. कापताना ते तेल सुई-व्हॉल्व्हमधून हळूहळू निसटतं, हात स्वतःच्या वजनाने खाली बसतो. सुई-व्हॉल्व्ह किती उघडा, त्यावर ब्लेडचा दाब ठरतो. तेल परत फिरू नये म्हणून एक पोलादी गोळी आपल्या बैठकीवर बसते. सगळी करामत त्या गोळीवर.

पहिला निर्णय: किती दूर जायचं

जुन्या यंत्राच्या कामात पहिला प्रश्न ‘कसं’ नसून ‘कुठे थांबायचं’ हा असतो. तीन वाटा होत्या. नुसतं चालतं करायचं: बुश, पट्टा, मोटर. किंवा चालतं आणि नीट कापतं करायचं. किंवा मूळ रंग, मूळ बोल्ट, पितळी पाटीसकट दुकानातून आल्यासारखं करायचं.

तात्यांनी मधली वाट धरली आणि वहीत एक ओळ लिहायला लावली: पन्नासच्या गजावर अर्धा मिलिमीटरच्या आत तिरकेपणा, आणि शेडमध्ये नातू आला तरी धसका बसू नये असं मशीन. या ओळीने पुढे बरीच भांडणं मिटवली. पुतण्याला मूळ हिरव्या रंगाची छटा शोधायची होती. ती ओळ दाखवली की विषय संपायचा.

जुन्या रंगाबद्दल एक सांगायला हवं. इतक्या जुन्या मशीनच्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे कोरडी घासाघीस नको. आम्ही रंग रिमूव्हरने मऊ करून ओला असतानाच खरवडला, कचरा कागदात बांधला आणि मास्क लावूनच काम केलं. लहान भाग गंजातून काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावला: लिटरला एक मोठा चमचा सोडा, भाग ऋण टोकाला, भंगार एमएस पत्रा धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस कधीच नको, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. आणि टब उघड्यावर ठेवायचा, कारण वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात.

चूक: आधी खरवडलं

आता प्रकरणाचा गाभा. कामांची यादी तयार होती, पण कुठलं आधी आणि कुठलं मागून हे कुणी लिहिलं नव्हतं. तात्या मूळचे टूलरूमचे. त्यांचा हात आपसूक त्यांना येणाऱ्या सर्वांत नाजूक कामाकडे गेला, बिडाच्या हातावरच्या सरकत्या खाचेकडे.

निळा (उंचवटे दाखवणारा रंग) लावायचा, चौकट फिरवायची, जिथे निळा उतरेल तिथे स्क्रेपरने केसभर काढायचं, पुन्हा निळा. बारा दिवस, रोज तीन-चार तास. खाच सुरेख उतरली. डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावून पाहिलं तर टोकापासून टोकापर्यंत तीन शतांश मिलिमीटरच्या आत. तात्या खुशीत होते, मी वहीत तारीख टाकून ‘खाच पूर्ण’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग कान दुरुस्त करायला मशीनचा तो बिडाचा हात उचलून उद्यमनगरातल्या ब्रेझिंगच्या मेस्त्रींकडे नेला. त्यांनी आधी खाचेकडे पाहिलं, मग कानाकडे, मग तात्यांकडे. म्हणाले, “तात्या, हे खरवडून आणलासा व्हय? आधी आग, मग माप. तुमी उलटं केलासा.”

बिडाच्या मोठ्या भागाला लाल करून थंड केलं की तो पहिल्यासारखा राहत नाही, हे तात्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. आयटीआयच्या पोरालाही ठाऊक असतं. मी शिकवतोही. पण आम्ही दोघंही त्या खाचेत इतके गुंतलो होतो की कान आमच्या डोक्यात ‘नंतर बघू’च्या खान्यात पडला होता.

दुसरा निर्णय: कानाचं काय करायचं

इथे तीन पर्याय नीट तोलले गेले.

पहिला, निकेल रॉडने आर्क वेल्डिंग. झटपट होतं, भाग फार तापवावा लागत नाही. पण जुना एमएसचा टाका मध्ये होता. साधा रॉड बिडावर चालवला की टाक्याच्या कडेचं बीड पांढरं, काचेसारखं कडक होतं. ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. तो सगळा भाग काढल्याशिवाय निकेल मारणं म्हणजे पुन्हा तिथेच तडा बोलावणं.

दुसरा, नवा हात ओतून घेणं. दुसऱ्या गावी हा पर्याय हसण्यावारी गेला असता, कोल्हापुरात नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या भरपूर, आणि ओळखीने एखादा नग दुसऱ्याच्या ओतकामाच्या घाण्यात सामावून घेणारेही भेटतात. पॅटर्नमेकरकडे चौकशी केली. बीड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, तेवढं पॅटर्न मोठं करायचं, मशीनिंगसाठी वर तीन मिलिमीटर सोडायचे. काम जमण्यासारखं होतं. पण एका नगासाठी लाकडी पॅटर्नचा खर्च ओतकामाच्या तिप्पट निघाला, आणि त्यानंतर पूर्ण मशीनिंग व नव्याने खरवडणं होतंच.

तिसरा, ब्रेझिंग, आपल्याकडे म्हणतात ते पितळी वेल्डिंग. यात बीड वितळत नाही, पितळ वितळून त्याला धरतं. शिवाय या कानावर भार तसा थोडाच: हाताचं वजन आणि स्ट्रोकचे धक्के.

तिसरा ठरला. आज विचारलं तरी मी हाच निवडेन. मेस्त्रींनी जुना टाका ग्राइंडरने मुळापर्यंत काढला. तडा नेमकी कुठे संपते ते पाहायला रॉकेल लावून पुसलं आणि वर खडू घासला. आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळसर रेघ होऊन उमटलं. तडा आम्हाला दिसत होती त्यापेक्षा बारा मिलिमीटर पुढे गेली होती. तिच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग व्ही खाच, कोळशाच्या भट्टीत सगळा मागचा भाग गरम, आणि पितळ. झाल्यावर हात कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढला तेव्हाही कोमट होता.

घरी आणून डायल लावला. खाच सहा दशांश मिलिमीटर वाकली होती. तीन शतांशाचे साठ झाले. तात्या काही बोलले नाहीत, स्क्रेपरला धार लावायला बसले.

दुसऱ्या वेळी खरवडायला नऊ दिवस लागले. त्यानंतर कानाची भोकं, नव्या खाचेला आधार धरून, लेथवर मोठी करून त्यात बुश बसवले. हा क्रम मात्र बरोबर होता: बिजागरीचा आस खाचेला काटकोनात असायला हवा, म्हणून खाच आधी, भोक मागून. क्रँक पिन लेथवर साफ केली, बुश नवा गनमेटलचा, दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) ढिला ठेवून.

मध्येच एक किरकोळ प्रसंग. पुतण्याने एका चार सुती (अर्ध्या इंचाच्या) भोकात एम १२ चा बोल्ट लावला. ढिला बसतो, दोन आटे फिरतो आणि चावतो. चार सुताला इंचाला बारा आटे, ५५ अंशांचे. मेट्रिकचे वेगळे, ६० अंशांचे. ते भोक पुन्हा टॅप करावं लागलं. उद्यमनगरात सुताचे बोल्ट अजून मिळतात; त्या दिवसापासून शेडमध्ये त्यांचा डबा वेगळा आहे.

तिसरा निर्णय: वीज

थ्री फेज मोटर, सिंगल फेज घर. पर्याय असे: सिंगल फेजची नवी मोटर, घरात थ्री फेज कनेक्शन, किंवा सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी.

कनेक्शनचा विचार एका मशीनसाठी जास्तच होता. उरले दोन. पुतण्याचा जोर व्हीएफडीवर: वेग बटणाने कमी-जास्त करता येतो, सुरुवात हळू होते, पट्ट्याला झटका बसत नाही. हे खरंच. पण एक गोम आहे. घरगुती सप्लायवरचा साधा व्हीएफडी बाहेर जास्तीत जास्त २३० व्होल्ट थ्री फेज देतो. आमच्या मोटरच्या पाटीवर होतं ४१५ व्होल्ट, स्टार (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). तीच मोटर डेल्टात जोडली की २४० व्होल्टची होते, पण त्यासाठी वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर हवीत. जुन्या छोट्या मोटरींत बहुतेक वेळा तीनच येतात, स्टारची गाठ आत पुरलेली. आमचीही तशीच. रिवाइंडिंगवाल्याने गाठ शोधायला मोटर उघडली, तर तारांवरचा जुना लेप हाताला लागून झडत होता. व्हीएफडीचे झटके असल्या लेपाला सोसत नाहीत. शेवटी पूर्ण रिवाइंडिंग.

व्हीएफडी ७,९०० आणि रिवाइंडिंग २,६००. त्याच सुमारास चौकशी केलेली सिंगल फेज मोटर साडेसहा हजारांची होती. माझं मत स्पष्ट आहे: फक्त माइल्ड स्टील कापणाऱ्याने सिंगल फेज मोटर लावावी आणि वेगासाठी दुसरी पुली ठेवावी. तात्यांचं मत वेगळं. त्यांच्याकडे अधूनमधून स्टेनलेस येतं, आणि ५० हर्ट्झवरून ३५ वर आणलं की ९० चे ६३ स्ट्रोक होतात, पट्ट्याला हात न लावता. यावर आमचं अजून एकमत नाही.

व्हीएफडी लावला आणि घराचा ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) पडू लागला. मशीन चालू केलं की स्वयंपाकघरातला मिक्सर बंद. व्हीएफडीतून थोडी गळती जमिनीकडे जातेच आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी ती सहन करत नाही. पुतण्या म्हणाला, “काका, तेवढा ईएलसीबी बायपास करूया की, शेडपुरता.” तात्यांनी पान्हा खाली ठेवला. “पत्र्याचं शेड, ओली फरशी, कूलंटचं पाणी. आणि तू ईएलसीबी काढणार?” विषय तिथेच मिटला. वायरमन बोलावून शेडला स्वतंत्र सर्किट, नवं अर्थिंग आणि व्हीएफडीला चालणारा वेगळ्या प्रकारचा ब्रेकर घेतला. २,३०० रुपये गेले.

याच टप्प्यावर कट संपल्यावर थांबवणारा स्विच पुन्हा कामाला लावला. तो व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये लावायचा नसतो. तिथे चालू भार तोडला तर व्हीएफडी जळू शकतो. तो व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला गेला. चालू-बंदची बटणं अशी जोडली की वीज जाऊन परत आली तरी मशीन आपण होऊन सुरू होत नाही. आमच्याकडे वीज जाणं-येणं रोजचं. अर्धवट कापलेला गज, समोर कुणी नाही, आणि दिवे आले की मशीन खर्रर्र सुरू: हे दृश्य नको होतं.

गिअरवर दोन मिलिमीटर पत्र्याचं झाकण, पट्ट्यावर जाळी. मागच्या टोकाला चौकट पूर्ण गेली तरी भिंतीपासून दीड फूट अंतर. मशीनखाली जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे, त्यावर चार अँकर बोल्ट.

पहिला कट

गुढीपाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर शेडमध्ये सगळे जमले. पन्नासचा माइल्ड स्टीलचा गज, दहा टीपीआयचं (इंचाला दहा दातांचं) नवं हायस्पीड ब्लेड. पुतण्याने ब्लेड लावलं. मशीन सुरू. पाच मिनिटं झाली, ब्लेड गजावरून नुसतं लोण्यावरून फिरावं तसं फिरतंय, कापत काहीच नाही. तात्यांनी वाकून पाहिलं. हाताच्या हॅक्सॉला दात पुढे असतात, त्या सवयीने पुतण्याने पुढेच ठेवले होते. हे मशीन ओढताना कापतं, दात क्रँककडे हवेत. ब्लेड फिरवलं.

मग कापलं. अकरा मिनिटं. आणि गुण्या लावला तर १.४ मिलिमीटर तिरकं.

तात्यांचा पहिला संशय अर्थातच खाचेवर. तिसऱ्यांदा स्क्रेपर काढायची तयारी झाली होती. इथे मी थांबवलं, कारण ‘तिरकं’ हा एक दोष नसतो, दोन असतात. वरून पाहिलं तर तिरकं, म्हणजे वाइसचा जबडा ब्लेडच्या चालीला काटकोनात नाही. समोरून पाहिलं तर तिरकं, म्हणजे ब्लेड स्वतः कललं आहे. दोन्ही वेगवेगळे मोजायचे.

डायल चौकटीवर बसवला. वाइसमध्ये चांगल्या गुण्याचं पातं जबड्याला चिकटवून दुसरं पातं चौकटीच्या चालीच्या दिशेने धरलं, आणि हाताने पुली फिरवत डायल त्या पात्यावरून नेला. शंभर मिलिमीटरमध्ये फक्त दोन दशांश. जबड्याच्या बोल्टाला थोडं सैल करून तो शून्यावर आणला. मग ब्लेडच्या बाजूला बेडवर गुण्या उभा केला. तिथे फट दिसली. ब्लेड जिथे चौकटीला टेकतं ती पुढची बैठक वर्षानुवर्षांच्या पिनांनी एका अंगाला खाल्ली होती. चौदाशे रुपयांच्या बुशांनी आणि एकवीस दिवसांच्या खरवडण्याने जे झालं नाही, ते बैठकीवर पोलादाची एक सपाट पट्टी बसवून अर्ध्या दिवसात झालं. शिवाय ब्लेडचा ताण कमी होता. हाताने घट्ट करून पान्ह्याने पाव फेरी दिली. टिचकी मारली की खणकन वाजलं पाहिजे.

वेळ जास्त लागत होता त्याचं कारण तेलात सापडलं. ब्लेड आणि गजाच्या मध्ये पातळ कागद ठेवून पुली हाताने फिरवली. परतीच्या स्ट्रोकला कागद सुटायला हवा होता, सुटला नाही. गोळी काढली तर तिची बैठक गंजाने टोचलेली. जुन्या गोळीला एका दांडीवर टेकवून बैठकीवर हलका ठोका दिला, म्हणजे कडा पुन्हा गोल बसते, आणि वर नवी गोळी टाकली. कागद सुटला.

निकाल

त्याच गजावर पुढचा कट सात मिनिटांत, तिरकेपणा पाव मिलिमीटर. वहीतल्या पहिल्या ओळीत अर्धा मागितला होता. लेथवर एक फेसिंग मारलं, म्हणजे टोक सपाट केलं, की गज सरळ. आवाज इतका कमी की शेजारच्या वहिनींनी दोन दिवसांनी विचारलं, “मशीन बिघडलं का हो?”

एकूण खर्च २७,२०० रुपये. त्यात मशीन ८,८२०, व्हीएफडी आणि रिवाइंडिंग १०,५००, ब्रेझिंग १,८००, बुश आणि पिन १,४००, वायरिंग २,३००, रंग ६५०, आणि उरलेले बेअरिंग, पट्टा, ब्लेडं यांत. खंडेनवमी ते पाडवा, साडेपाच महिने. वेळेचा हिशेब जास्त टोचतो.

एक ब्लेड मात्र महिन्याभरात तुटलं, आणि ते मशीनच्या दोषाने नाही. अर्ध्या कटात जुनं ब्लेड बोथट झालं, पुतण्याने नवं घालून त्याच फटीत उतरवलं. नव्या ब्लेडच्या दातांची फाक रुंद असते, जुन्या अरुंद फटीत ते अडकतं. गज उलटा करून दुसऱ्या बाजूने नवा कट धरायचा असतो.

पुन्हा करायचं झालं तर

तात्यांना विचारलं तेव्हा त्यांनी एकच सांगितलं: यादी लिहिल्यावर प्रत्येक कामासमोर ‘आग’, ‘घण’, ‘माप’ असं लिहीन, आणि ‘माप’वाली सगळी तळाला टाकीन. नऊ दिवस तिथेच वाचले असते.

माझी यादी थोडी लांब आहे. मी खाचेला हात लावायच्या आधीच, रंग उतरवण्याच्याही आधी, मशीन आहे तसं चालवून एक कट घेतला असता. हाताने पुली फिरवून का होईना. मोडक्या मशीनचा तिरका कट पहिल्या दिवशी मोजला असता तर ब्लेडची बैठक खाल्ली आहे हे तेव्हाच दिसलं असतं, आणि खाच मुळात किती खरवडायची याचा अंदाज आला असता. तीन शतांश ही अचूकता लेथच्या बेडला शोभते. कापणाऱ्या मशीनला दहा शतांश पुरले असते, आणि तात्यांना हे सांगण्याची माझी हिंमत अजूनही व्हायची आहे.

मोटर घेतल्यानंतर तिची टोकं मोजणं हाही उलटा क्रम. भंगारात उभं राहूनच टर्मिनल बॉक्सचे दोन स्क्रू काढून पाहिलं असतं तर तीन तारा दिसल्या असत्या, आणि व्हीएफडीचा हिशेब तिथेच झाला असता.

एक गोष्ट मात्र तशीच करीन: रंग शेवटी. पुतण्याने खाचेच्या पहिल्या फेरीनंतरच बॉडीला प्रायमर मारून घेतला होता, ब्रेझिंगला हात नेताना तो सगळा खरवडला गेला. अंतिम रंग पहिल्या सरळ कटानंतर चढला, करडा, ६५० रुपयांचा.

सुई-व्हॉल्व्हच्या ग्रंथीतून (दांडीभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून) थोडं तेल अजून झिरपतं. दोनदा पॅकिंग बदललं, फरक पडला नाही. त्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय, आणि शनिवारी पुतण्या त्यातलं तेल गाळून परत सिलिंडरमध्ये ओततो.